दीड फुटाची गॅप

मेलेली घूस नेमकी कुणाच्या हद्दीत आहे, हे ठरवण्यात आम्हा दोघा भावांचे दोन दिवस गेले.

तोवर वास तिसऱ्या घरापर्यंत पोहोचला होता, आणि तिसऱ्या घराला हद्दीशी काही देणंघेणं नव्हतं. तिथून निरोप आला, "वाटणी सावकाश करा, आधी मयत उचला!"

हद्दीचं असं आहे. लातुरात एका प्लॉटचे दोन भाग करून माझे थोरले भाऊ, म्हणजे दादा, आणि मी अशी दोन घरं शेजारी शेजारी बांधली. दादांची शेती गावाकडं, शिरूर अनंतपाळ तालुक्यात. मुलगी स्वाती हिच्या शिक्षणासाठी त्यांनी इथं घर केलं. मी इथल्याच एका कार्यालयात हिशोबाच्या टेबलावर आहे. आमच्या गावात भावाभावांची घरं एकाच सामायिक भिंतीला टेकून उभी असतात. त्या भिंतीत एक आरपार दिवळी ठेवतात. तिच्यातून इकडची आमटीची वाटी तिकडं जाते, तिकडचं विरजण इकडं येतं, आणि भांडण झालं की दोन्हीकडून फळी लावली जाते. दादांना लातुरातही तश्शीच भिंत आणि तश्शीच दिवळी हवी होती.

पण नकाशा काढणारा इंजिनिअर म्हणाला, "भूकंपाचा भाग आहे. दोन घरांच्या मधे गॅप सोडा. जमीन हलली तर घरं एकमेकांवर आपटायला नकोत."

त्र्याण्णव साली महिनोन्‌महिने अंगणात झोपलेली माणसं आम्ही. या एका बाबतीत आम्ही इंजिनिअरशी वाद घालत नाही.

"किती सोडायची?" मी विचारलं.

"तुमच्या घरांना चार बोटं पुरे."

"कुणाची चार बोटं?"

मी म्हणालो, चार बोटांच्या फटीत केर साचला तर तो काढणार कोण? माणूस आत शिरेल एवढी तरी जागा पाहिजे. मग मी कागद घेतला, हिशोब केला आणि आकडा काढला. दीड फूट! नऊ इंच माझे, नऊ इंच दादांचे. (हा आकडा मी स्वतः काढला आहे, हे वाचकांनी कृपया विसरू नये. आमच्या घरात कुणी विसरत नाही.)

दादा म्हणाले, "माधवा, ह्याला सांद म्हणत्यात. सांदीत उंदरं ऱ्हात्यात, घुशी ऱ्हात्यात. माणूस कशाला शिरंल तिथं?"

घरं उभी राहिली. सांद हा शब्द मागं पडला आणि गॅप हा शब्द दोन्ही घरांत राहायला आला. वाळत घातलेला रुमाल गॅपमध्ये पडायचा, मांजर गॅपमधून यायचं, शाळेचं तोंड न बघितलेल्या वहिनीसुद्धा "गॅपीत पाल हाय" म्हणायला लागल्या. मला या शब्दाची गंमत वाटायची. आपल्याकडं जमिनीला भेग असते, दाराला फट असते, भिंतीला चीर जाते, डोंगराला खिंड असते, पाऊस थांबला तर खंड पडतो. सोयाबीनच्या ओळीत मधेच बी उगवलं नाही तर दादा त्याला नांगी म्हणतात, आणि ती भरायला दुसऱ्या दिवशी बी घेऊन जातात. प्रत्येक रिकाम्या जागेला तिचं तिचं नाव. या एका इंग्रजी शब्दानं सगळ्यांची नावं पुसली आणि सगळीकडं आपली पाटी लावली.

ती पाटी एके दिवशी आमच्या स्वातीवरही लागली.

स्वातीनं बारावीनंतर मेडिकलच्या प्रवेश परीक्षेसाठी दोन वर्षं घालवली. लातुरात हे लस टोचून घेण्यासारखं आहे, बहुतेकांना एकदा तरी होतंच. नंबर काही लागला नाही. मग तिनं इंग्रजी घेऊन बी.ए. केलं, एम.ए. केलं, आणि आता ज्युनिअर कॉलेजात शिकवते. पण त्या दोन वर्षांचं नाव पडलं ते पडलंच. गॅप! लग्नाचं बघायला लागल्यावर दोन स्थळं येऊन परत गेली. कुणी कारण सांगितलं नाही, म्हणून दादांनी स्वतःच ठरवलं.

"ती दोन वर्षंच आडवी आली बघ. लोक म्हणत असतील, पोरगी दोन वर्षं बसून काय करत व्हती?"

तिसरं स्थळ आलं हिमायतनगरचं. मुलगा प्रशांत, नांदेडला नोकरी. यावेळी दादांनी बायोडाटात वर्षंच लिहिली नाहीत आणि आम्हा सगळ्यांना समोर बसवून ताकीद दिली.

"दोन वर्षांचं कुणी नाव काढायचं न्हाई. इशेष करून तू, माधवा. तुला आकडा दिसला की ऱ्हावत न्हाई."

"बाबा, मी काय जेलमध्ये होते का?" स्वाती म्हणाली.

"जेल सांगता येतं बाई! केस खोटी व्हती म्हणता येतं!"

स्वातीला ही लपवाछपवी पसंत नव्हती. पण ती उठून गेली नाही. आधीच्या दोन्ही स्थळांच्या वेळी ती मुलाचं नाव निघताच उठून गेली होती. प्रशांतशी तिचं फोनवर दोनदा बोलणं झालं होतं, आणि दुसऱ्यांदा बोलताना ती हसल्याचं वहिनींनी स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं. म्हणजे हे स्थळ जाऊन चालणार नव्हतं.

पाहुणे गुरुवारी संध्याकाळी सहाला येणार होते. मंगळवारी गॅपमध्ये घूस मेली.

दादा आणि मी गच्चीवरून बॅटरी मारून पाहणी केली.

"डोकं तुझ्या अंगाला हाय," दादा म्हणाले.

"पण धड तुमच्याकडं आहे, दादा. शेपटी धरली तर साठ टक्के तुमची."

"शेपटी कशाला धरतूस खामखा?"

खालून वहिनी ओरडल्या, "आन् वासाची वाटणी कशी करणार हाव, भाऊजी?"

माझी बायको सुनंदा कमी बोलते. ती एवढंच म्हणाली, "पाहुणे नाक घरी ठेवून येणार आहेत का?"

सफाईसाठी बोलावलेल्या माणसानं गॅपकडं बघितलं, मग स्वतःच्या पोटाकडं बघितलं, चहा घेतला आणि निघून गेला. शेवटी गुरुवारी सकाळी मी रजा टाकली. गॅपच्या तोंडाशी टेप लावली. दीड फूट, बरोबर! मग भिंतीला आडवं उभं राहून, श्वास सोडून, सुनंदाकडून माझी जाडी मोजून घेतली. तीन इंच शिल्लक राहत होते. तीन इंच म्हणजे चैन. बनियन घातलं, नाकाला रुमाल बांधला, एका हातात फिनेलची बाटली आणि एका हातात सांडशी घेतली.

"ती सांडशी परत स्वयंपाकघरात आली तर मी माहेरी जाईन," सुनंदा म्हणाली.

खेकड्यासारखा आडवा सरकत मी आत शिरलो. घुशीपर्यंत पोहोचलो, तिला सांडशीत पकडलं, हद्दीचा प्रश्न मनातल्या मनात दादांच्या बाजूनं सोडून दिला, आणि परत निघालो. निघालो म्हणजे, निघायचं ठरवलं. अंग हललं नाही!

तेव्हा माझ्या लक्षात आलं. दीड फूट मोजला होता तो विटेपासून विटेपर्यंत, गिलावा व्हायच्या आधी. पुढं तोंडाशी आम्ही कडा तासून घेतल्या होत्या, आत तासायला कोण जाणार? शिवाय दोन घरं, दोन गवंडी, आणि दोघांचे ओळंबे वेगवेगळे. माझ्या गवंड्याची भिंत किंचित दादांकडं झुकलेली, दादांच्या गवंड्याची माझ्याकडं. (भिंतींनी तरी भाऊपणा राखला होता.) मी गॅपचं तोंड मोजलं होतं, पोट मोजलं नव्हतं. स्वतःचं पोट मात्र मोजलं होतं, तेही श्वास सोडून! पण माणूस किती वेळ श्वास सोडून राहणार?

सुनंदाला हाक मारणार, एवढ्यात फाटकाशी जीप थांबली.

"राम राम!" एक खणखणीत आवाज आला. "पहाटं निघालो, रस्ता मोकळा लागला, म्हणून लवकर येऊन राहिलो!"

अकरा वाजले होते. हिमायतनगर ते लातूर अंतर दोनशे किलोमीटरच्या थोडं वर. रस्ता कितीही मोकळा लागला तरी माणूस सात तास लवकर पोहोचत नाही. पण गणितात लक्ष घालायची ती वेळ नव्हती.

मी अडकलो होतो ती जागा दादांच्या बैठकीच्या झरोक्याच्या बरोबर खाली. आतलं सगळं ऐकू येत होतं. मुलाचे वडील नामदेवराव आणि प्रशांत, दोघंच आले होते. दादांची घाबरगुंडी आवाजातच कळत होती. घाबरले की दादा आकडे फुगवतात.

"घर बाराशे फुटाचं हाय आपलं."

अकराशे ऐंशी! मी ओठ चावला.

"गावाकडं बारा एकर."

हे मात्र सहन झालं नाही. चुकीचा आकडा ऐकला की माझ्या घशात खाज सुटते. मी अगदी हळू, स्वतःशीच म्हणालो, "साडेनऊ."



"कोण बोललं?" नामदेवराव.

"शेजारी रेडू लावत्यात," वहिनी म्हणाल्या.

"बरं. आन् पोरीचं बारावीनंतर थेट कॉलेजच का?"

"थेट!" दादा म्हणाले. "एक दिवस वाया न्हाई!"

मी दात दाबले. डोळे मिटले. स्वातीचं फोनवरचं हसणं आठवलं. दादांची ताकीद आठवली. घसा खाजत खाजत वर आला आणि भिंतीतून आवाज गेला, "दोन वर्षं!"



"पाहुणं," नामदेवराव म्हणाले, "तुमचा रेडू लई नेमकं बोलून राहिला!"

मग कपबशांचा ट्रे टेबलावर ठेवल्याचा आवाज आला, आणि स्वातीचा. सरळ, वर्गात बोलते तसा.

"रेडिओ नाही. ते माझे काका आहेत. गॅपमध्ये अडकलेत. आणि ते म्हणतायत ते खरंय. मेडिकलसाठी माझी दोन वर्षं गेली."

सगळे बाहेर आले. गॅपच्या तोंडाशी एकावर एक डोकी दिसायला लागली. पाहुण्यांचं दर्शन झाल्यावर माणूस हात जोडतो. माझे दोन्ही हात काही जवळ येईनात, म्हणून मी एकच उचलला. त्यात घूस होती!

नामदेवराव दोन पावलं मागं सरकले. दादा म्हणाले, "माधवा, भूकंपात वाचलास. आज माझ्या हातून न्हाई वाचत." पण त्यांचा आवाज रागाचा नव्हता. तो मोडलेल्या माणसाचा होता, आणि ते जास्त वाईट होतं.

"वरून तेल वता," नामदेवराव म्हणाले. "बैल चिखलात रुतला तं आम्ही असंच करतो." (बैलाला तेल कशाला लागतं, हे मी विचारलं नाही. एका दिवसात तेवढी सुधारणा माझ्यात झाली होती.) वहिनी करडईच्या तेलाचा डबा आणायला धावल्या. दादा आणि नामदेवराव गच्चीकडं गेले. सुनंदा ऊन पाणी ठेवायला गेली. गॅपच्या तोंडाशी राहिले फक्त स्वाती आणि प्रशांत. मुलामुलीला पाच मिनिटं वेगळं बोलू द्यायची पद्धत आहे. त्यांना ती पाच मिनिटं मिळाली, पण मधे मी होतो.

"काका, श्वास उथळ घ्या," प्रशांत म्हणाला. मग स्वातीकडं वळून, "दोन वर्षं काय केलं तुम्ही?"

"पहिल्या वर्षी अभ्यास. दुसऱ्या वर्षी अभ्यासाचं नाटक." स्वाती हसली नाही. "अभ्यासिकेत एक जाड डिक्शनरी होती. समोर फिजिक्स उघडं ठेवायचे आणि मांडीवर ती वाचायचे. जो तो विचारायचा, गॅप घेतली का, गॅप घेतली का. म्हणून एकदा तोच शब्द काढून बघितला."

"काय निघालं?"

"तो मूळचा इंग्रजीच नाही. समुद्रावरून इंग्लंडात उतरलेल्या उत्तरेकडच्या लोकांचा शब्द. मुळात त्याचा अर्थ आ वासणं. इंग्रजीत आला तेव्हा भिंतीत नाहीतर कुंपणात पडलेल्या खिंडाराला गॅप म्हणायचे. म्हणजे काका आत्ता बरोबर मूळ अर्थात उभे आहेत."

मी आ वासला होता, तो मिटला.

"वर्षांना तो शब्द कितीतरी नंतर चिकटला," स्वाती म्हणाली. "आणि त्या उत्तरेकडच्या लोकांच्या पुराणात सांगतात, सृष्टी व्हायच्या आधी काहीच नव्हतं. नुसती एक प्रचंड गॅप. पुढं जे काही झालं ते तिच्यातूनच झालं. ते वाचलं आणि मला पहिल्यांदा बरं वाटलं. म्हटलं, मी काही वाया गेलेली नाही, अजून व्हायची आहे. त्याच दिवशी ठरवलं, इंग्रजी घ्यायचं."

हे तिनं आमच्यापैकी कुणालाच कधी सांगितलं नव्हतं. सांगितलं नव्हतं, कारण विचारलं नव्हतं. आयुष्यभर मी रकाने भरत आलो. रकाना रिकामा असला की त्यात आडवी रेघ मारायची आणि पुढं जायचं, ही आमच्या टेबलावरची शिस्त. त्या दोन वर्षांवर आम्ही सगळ्यांनी अशीच रेघ मारली होती. आणि आमची पोरगी त्या रेघेखाली बसून, मांडीवर डिक्शनरी घेऊन, एकटीच स्वतःला शोधत होती. दोन भिंतींच्या मधे छाती आवळलेली असताना माणसाला गहिवरता येत नाही. जागाच नसते.

"माझी तीन आहेत," प्रशांत एकदम म्हणाला.

"काय?"

"वर्षं. पुण्यात स्पर्धा परीक्षा. काहीच निघालं नाही. बाबांनी बायोडाटात 'खाजगी अनुभव' लिहिलंय."

"तरीच बेरीज जुळत नव्हती!" मी ओरडलो.

दोघंही दचकून माझ्याकडं वळले. बोलता बोलता ते मला विसरले होते.

"काका! तुम्ही ऐकत होता?" स्वाती म्हणाली.

"बाई, मी जाऊ कुठं?"

आणि तेव्हा ती हसली. अगदी फोनवर हसल्यासारखी असणार, कारण प्रशांतचा चेहरा एकदम ओळखीचं काही ऐकल्यासारखा झाला.

तेवढ्यात वरून तेल आलं. पहिली धार दादांच्या भिंतीवर, दुसरी माझ्या भिंतीवर, तिसरी टाळूवर. नेम धरणं दादांना जन्मात जमलं नाही, पण डबा मोठा होता. प्रशांतनं हात आत घालून मला मनगटाला धरलं (घूस नसलेल्या), स्वातीनं प्रशांतला धरलं, आणि एका हिसक्यात मी बाहेर आलो. बनियनची एक बाजू आत राहिली. फिनेल, तेल आणि घूस असा तिहेरी वास घेऊन मी भावी जावयाच्या अंगावर पडलो.

दोनदा आंघोळ करून मी बैठकीत येऊन बसलो. करडईचं तेल साबणाला दाद देत नाही, म्हणून सुनंदानं खुर्चीवर आधी वर्तमानपत्र अंथरलं होतं. दादा खाली मान घालून बसले होते. शेवटी त्यांनी स्वतःच सुरुवात केली.

"पाहुणं, माझं चुकलं. पोरीची दोन वर्षं मी लपवली. तुम्ही न्हाई म्हणलात तरी..."

"आमची तीन हायत ना!" नामदेवराव म्हणाले. "पोरानं सांगतलं आत्ता मला. त्याला पोरगी पसंत हाय. पोरीला विचारा."

वहिनींनी स्वातीकडं बघितलं. स्वातीनं ट्रेमधला कप उचलून प्रशांतच्या हातात दिला. आमच्याकडं यापेक्षा जास्त विचारत नाहीत.

दादांनी टॉवेलनं डोळे पुसले. मग एकदम त्यांना आठवलं.

"पर मंग ती आधीची दोन स्थळं? ती कशानं माघारी गेली? मी तर समजत व्हतो, ह्या दोन वर्षांनीच..."

नामदेवरावांनी चहा बशीत ओतला. बशीवर फुंकर मारली. माझ्याकडं एकदा बघितलं.

"त्यातले एक माझ्या साडूच्या वळखीचे. मी निघण्याआधी चौकशी केली. ते म्हणले, पोरगी लाखात एक, माणसं चांगली, डोळे मिटून सोयरीक करा. फकस्त काकाला भेटू नका. आमच्या पोराला समोर बसवून त्याच्या पगाराची वजाबाकी करायला लावली, आन् चुकली म्हणून परत करायला लावली!"

बैठकीतले सगळे माझ्याकडं बघायला लागले. सुनंदासुद्धा.

"म्हणून तं," नामदेवराव म्हणाले, "आम्ही सहाचं सांगून अकराला आलो. म्हटलं, तवा काका हापिसात असतील, घरात नसतील." त्यांनी बशी तोंडाला लावली. "आन् खरंच की. घरात नव्हतेच. भिंतीत होते!"